एका रात्रीची वस्ती

"आधी उशीचा अभ्रा बघू," चंद्रप्रभाबाई म्हणाल्या.

काउंटरवरच्या माणसाला मराठी कळेना. "तकिये का गिलाफ देखना है इनको," विजयरावांनी भाषांतर केलं आणि सोफ्यावर अंग टाकलं. लखनौ विमानतळाजवळचं हे तिसरं हॉटेल. पहिल्या हॉटेलातला मॅनेजर फार गोड बोलला, म्हणून ते बाद झालं. दुसऱ्यात खोलीभर गुलाबाचा फवारा मारलेला होता. एवढा वास मारलाय म्हणजे खाली कसला तरी वास लपवलाय, असं बाईंचं म्हणणं. उद्या सकाळच्या विमानाने पुण्याला जायचं, मध्ये फक्त एक रात्र काढायची. पण आज त्यांना जिथे तिथे काळंबेरंच दिसत होतं.

खरं दुखणं हॉटेलांचं नव्हतंच. ते शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं, महानगर कॉलनीत. तिथे त्यांच्या सुनेचं, अवनीचं घर होतं.

मुलगा आदेश सैन्यात, सध्या सीमेवर. त्याने लखनौचीच मुलगी केली तेव्हा बाईंनी भर मांडवात तोंड फुगवलं होतं. वर्षभरात राग निवळला, उरली नुसती रुखरुख. नेपाळची सहल ठरली तशी त्यांनी मनाशी पक्कं केलं, की येताना एक रात्र सुनेकडे राहायचं आणि मागचं सगळं पुसून टाकायचं. बॅगेत तिच्यासाठी हिरवी इरकल साडीही घेतली होती.

काठमांडूहून फोनही त्यांनीच लावला. विजयरावांची सगळी नोकरी कराडच्या एसटी डेपोत गेलेली. रात्री गावात मुक्काम करणारी ती वस्तीची गाडी, आणि या घरात पाहुणासुद्धा वस्तीलाच यायचा. तेच तोंडात आलं.

"अवनी, शुक्रवारी आम्ही वस्तीला येतोय गं! एकच रात्र," त्या हौसेने म्हणाल्या.

अवनीला मराठी कामापुरतं कळायचं, उत्तर मात्र हिंदीत यायचं. ती गडबडलीच. "अरे मम्मीजी, वहाँ कहाँ रुकेंगी आप? कोई ढंग का होटल..."

फोन खरखरला आणि बंद पडला. वाक्याचा उरलेला भाग बाईंनी स्वतःच पुरा केला. एखादं बरं हॉटेल बघा, माझ्या दारात नको.

मग अवनीचे फोन येत राहिले. बाईंनी एकही उचलला नाही. विजयरावांचा फोन पोखऱ्याच्या तळ्यात गेलेला, त्यामुळे सगळी सत्ता बाईंच्या हातात.

"अगं, एकदा उचलून तर बघ."

"कशाला? सबबी ऐकायला?"

परतीच्या बसमध्ये तर संशयाला पाय फुटले. गोरखपूर, बस्ती, अयोध्या अशी गावं मागे पडत होती आणि बाई खिडकीला डोकं टेकून एकच गोष्ट घोळवत होत्या. नवरा सीमेवर. घरात एकटी बाई. तरी सासू-सासरे एका रात्रीपुरते नकोत. मग त्या घरात आहे तरी कोण?

लखनौच्या आलमबाग स्टँडवर उतरल्यावर विजयराव म्हणाले, "इथून मेट्रो आहे. नुसतं दार वाजवून येऊ."

"दार वाजवायला मी काय वर्गणी मागायला आलेय?"

त्यानंतर ही हॉटेलांची वारी. या तिसऱ्या ठिकाणी अभ्रा स्वच्छ निघाला, चादर स्वच्छ निघाली, नळाला पाणीही होतं. आता नावं ठेवायला काही उरलं नाही, म्हणून बाई आणखीच चिडल्या. तेवढ्यात काउंटरवरच्या माणसाने सहज विचारलं, "लखनऊ में अपना कोई नहीं है, आंटीजी?"



"नहीं," त्या म्हणाल्या. "कोई नहीं."

त्यांनी फोन काढला आणि आदेशला मेसेज लिहायला घेतला. विजयराव खांद्यावरून वाचत होते. ‘तुझ्या बायकोने आम्हाला घरात घेतलं नाही. हॉटेलात पडलोय. तू नसताना तिथे कोण असतं, ते तूच विचार तिला.’

"चंद्रा, हे पाठवू नकोस," विजयरावांचा आवाज कधी नव्हे तो कापला. "पोरगं तिकडे बर्फात बसलंय. उद्या आपण चुकलो म्हणालीस तरी त्याच्या मनातून हे जायचं नाही. संसार मोडेल त्यांचा."

"मोडला तर मोडला."

बोट बटणावर जायला आणि फोन वाजायला एकच गाठ पडली. अवनीचं नाव. बाई तो कापणार, तोच विजयरावांनी फोन हिसकावला आणि स्पीकर लावला. आतून ट्रकचे हॉर्न ऐकू आले, चहावाल्याची आरोळी ऐकू आली. पाठोपाठ रडवेला आवाज.

"मम्मीजी! शुक्र है, उठाया तो आपने! उस दिन यही तो कह रही थी कि यहाँ ढंग का एक होटल नहीं है. आपको ऐसे लॉज में कैसे रहने देती? दोपहर से गाड़ी लेकर आयी हूँ, आप दोनों को घर ले जाने. एक-एक लॉज में पूछ लिया, सब कहते हैं, कोई मराठी नहीं आया. बस इतना बता दीजिए मम्मीजी, बस्ती में आप लोग उतरे कहाँ हैं?"