गोळी लागू पडेपर्यंत

मुरगूडहून कोल्हापूरची गाडी सुटायच्या आधीच साहेब येऊन ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसले. अंगात कडक इस्त्रीचा सफारी आणि चेहरा असा, की सकाळचा चहासुद्धा त्यांनी तपासूनच घेतला असावा.

"मी तपासणीला आलोय," ते म्हणाले. "तुमची गाडी वाटेत फार वेळ थांबते, अशी तक्रार आहे."

"इंजान तापतंय सायेब," कंडक्टर दिलदार म्हणाला. "पाणी घालाय थांबतो आमी."

"बघू या आज."

ड्रायव्हर आकारामने नुसती मान हलवली. इंजिनात काही खोट नव्हती. खोट त्याच्या डोक्यात होती, आणि ती त्याने दिलदारशिवाय कोणाला सांगितली नव्हती.

त्याला अर्धशिशी होती. आधी डाव्या डोळ्यापुढे नागमोडी चकाकी सुरू व्हायची, मग अर्धं डोकं कुणी घण घातल्यासारखं ठणकायचं. राजारामपुरीतल्या डॉक्टरांनी नवी गोळी दिली होती. चकाकी दिसली की लगेच जिभेखाली ठेवायची, तोंड मिटून बसायचं. वेळेत घेतली तर अर्ध्या तासात उतार, उशीर झाला तर तो दिवस गेलाच. आणि उतार पडेपर्यंत स्टिअरिंगला हात लावायचा नाही, असं त्यांनी बजावलं होतं.

आकाराम ते पाळत होता. चकाकी दिसली की तो गाडी एखाद्या विहिरीपाशी उभी करी. दिलदार त्याला गोळी देई आणि डबा घेऊन पाण्याला जाई, तो जगातल्या सगळ्यात आळशी माणसासारखा परत येई. रेडिएटर बिचारा काठोकाठ भरलेलाच असे.

डेपोत हे कळलं असतं तर आकारामच्या हातून गाडी कायमची गेली असती. गाडी चालवण्यावर त्याचा जीव होता. ती सुटली तर आपण काय करायचं, हा विचारही त्याला सोसत नसे.

तक्रार कोणी केली, याबद्दल दोघांना शंका नव्हती. बायडाबाईने. ती बाजाराला कोंबड्यांचं डालगं घेऊन याच गाडीने जायची. गाडी थांबली रे थांबली, की तिच्या तोंडाचा पट्टा सुरू. "ह्याच्यापरीस माझी म्हस बिगीनं जातीया," हे तिचं ठरलेलं वाक्य. आणि आज तर ती मागची जागा सोडून पुढे, साहेबांच्या पलीकडच्या बाकावर येऊन बसली होती. साहेबांचे कान भरायला, दुसरं काय.

निम्मी वाट नीट सरली. मग आकारामची मान डावीकडे कलली. दिलदारने ते पाहिलं आणि खिशातली गोळी चाचपली. डाव्या बाजूचा रस्ता दिसेनासा झाला की आकाराम असाच मान कलती करून बघायचा.

आजूबाजूला नुसता ऊस होता, विहीर कुठे दिसत नव्हती.

"वेग का कमी केलात?" साहेबांनी विचारलं.

आकारामने पाय काढून घेतला होता. थांबलो तर गाडी जाते, न थांबलो तर माणसं जातात. यात ठरवण्यासारखं काही नव्हतं. खरं सांगून टाकायला त्याने तोंड उघडलं. "सायेब, मला जरा..."

एवढ्यात एक तांबडी कोंबडी फडफडत साहेबांच्या मांडीवर येऊन पडली. मागोमाग दुसरी त्यांच्या डोक्यावरून गेली. गाडीत एकच कल्ला झाला. दिलदारने घंटी मारली, आकारामने गाडी कडेला घेतली आणि दार उघडताच दोन्ही कोंबड्या उसात पसार झाल्या.

"माझ्या कोंबड्या," बायडाबाई ओरडली. "बगताय काय, धरा की."

निम्मी गाडी उसात शिरली. लोक कोंबड्या धरत होते की हुसकत होते, काही कळत नव्हतं. साहेबही चिखलात उतरले. दिलदारने त्या गडबडीत गोळी आकारामच्या हातात दिली. देव पावला तो असा, कोंबडीच्या रूपाने.

"ड्रायव्हर मदतीला येत नाही का?" साहेबांनी धापा टाकत विचारलं.

"गाडी सोडून खाली उतरत न्हाय त्यो," दिलदार म्हणाला.

"बरोबर आहे." साहेबांना ते आवडलं. खिडकीशी येऊन त्यांनी आकारामला गाडीबद्दल दोन-चार गोष्टी विचारल्या. तो तोंड मिटून मान हलवत राहिला. माणूस कमी बोलतो, हेही साहेबांना आवडलं.

दोन्ही कोंबड्या एकदाच्या सापडल्या. सगळे आत बसले. "चला आता," साहेब म्हणाले. आकारामचं कपाळ अजून घामाने भिजलेलं होतं. दिलदारचा हात घंटीच्या दोरीपाशी अडला. तेवढ्यात डालग्यातून आणखी एक काळी कोंबडी उडाली आणि दारातून थेट उसात गेली.

"अहो बाई, फडकं नीट बांधता येत नाही तुम्हाला?" साहेब ओरडले.

"जनावर हाय सायेब ते. तुमच्यागत शाळा शिकल्यालं न्हाय," बायडाबाई म्हणाली आणि पदर खोचून उतरली.

काळी सापडली तेव्हा आकारामची नजर निवळली होती. पुढे गाडी सुरळीत चालली.

कोल्हापूरला साहेब बुटांचा चिखल झटकत उतरले. "गाडी ठीक आहे, ड्रायव्हर तर उत्तम," त्यांनी दिलदारला सांगितलं. "तक्रारीत काही तथ्य नाही. वेळ घालवतात ते तुमचे उतारू." आणि ते ऑफिसकडे निघून गेले.

बायडाबाई डालगं काखोटीला मारून ड्रायव्हरच्या खिडकीखाली येऊन उभी राहिली. आता तासाभराचं ऐकावं लागणार, म्हणून आकारामने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. तिने साहेब लांब गेल्याची खात्री करून घेतली आणि आवाज खाली आणला.

"आकाराम, डाक्टरला सांगून गोळी बदलून घे रं बाबा. आज दोन कोंबड्यांत भागलं न्हाय, तिसरीबी सोडाय लागली."