दोन कॉलरी

शर्टांच्या कारखान्यात कपात सुरू होती. बाप आणि सतरा वर्षांची लेक यांच्यातलं एकच कामावर राहणार होतं. मालकाच्या सांगण्यावरून लेकीनं दोघांनी शिवलेली एकेक कॉलर टेबलावर ठेवली. कुठली कुणाची, हे फक्त तिला ठाऊक होतं. "मास्तर, निवाडा तुम्हीच करा," मालक बापाला म्हणाला. बापाची नजर अधू होती, पण बोटं जाणती होती. पहिल्या कॉलरीच्या टोकावर अंगठा फिरवून तो हसला. "ही माझी. याला म्हणतात हात!" दुसरीवर अंगठा अडखळला. "आणि ही आमच्या कन्येची करामत. शेळीनं चघळल्यासारखी! हिला घरी बसवा, साहेब. कापड तरी वाचेल." "काय गं, ही तुझीच ना?" मालकानं विचारलं. बापासाठी खोटं बोलायचं, हे तिनं केव्हाच ठरवलं होतं. तिनं बापाकडे पाहिलं. तो अजून हसत होता. "नाही," ती म्हणाली, "ही बाबांची."