कळलावी

यामिनी रडवेल्या चेहऱ्यानं रोहण्याला परतली. दुर्मीळ होत चाललेल्या कळलावीच्या रानवेलींत किती विविधता उरली आहे, हे ती जनुकीय खुणांवरून तपासत होती. गावच्या आनंदाबाईंनी तिला टेकडीवरच्या चाळीस वेलींची पानं आणून दिली होती. प्रयोगशाळेत चाळिसांचाही डीएनए तंतोतंत एकच निघाला.

"मावशी, विविधताच उरली नाही; इथली कळलावी संपलीच म्हणायची!"

आनंदाबाई पदराआड हसल्या. "संपत नाई वं. ते सारी पानं माह्या कुंपणावरच्या एकाच वेलीची हायेत."

"माझे सहा महिने वाया गेले! असं का केलंत?"

"मांगच्या साली एक साहेब आलता. अभ्यासाले पानं पायजे म्हणे. म्या जागा दाखवली, तं आठ दिवसांत तिथले सारे कंद विकाले खणून नेले त्यानं. तवापासून मी पयले कुंपणावरचीच पानं देतो. तुह्या आंधी तिघं घेऊन गेले, कोणी भांडाले आलं नाई."

आनंदाबाईंनी पायात चपला सरकवल्या.

"ज्यानं पानं खरंच तपासली, तोच भांडाले येते. चाल, आता खऱ्या वेली दाखवतो."