पूजेतलं पुस्तक

"हें एक पान काड," दत्तप्रसाद म्हणाला. "उरिल्लें सगळें छाप."

"पान काडचें ना," विनोदिनी म्हणाली.

गोकुळदास मास्तर दोघांच्या मध्ये घराच्या पुढच्या सोप्यावर बसले होते, मांडीवर तपासलेल्या कागदांचा गठ्ठा घेऊन. डिचोलीच्या बाजूला दत्तप्रसादचं हे घर. त्याच्या घरातल्या एका पोर्तुगीज कादंबरीचं विनोदिनी मराठी भाषांतर करत होती आणि मास्तर तिचं मराठी तपासत होते. पुढच्या महिन्यात देवळाच्या सभागृहात प्रकाशन होतं. पत्रिका वाटून झाल्या होत्या.

कादंबरी तोमाश सेराद नावाच्या गृहस्थाची. सव्वाशे वर्षांपूर्वी हा तालुक्यात सरकारी कारकून म्हणून आला, दोन पावसाळे याच घरात पाहुणा म्हणून राहिला आणि लिस्बनला परत जाऊन जे पाहिलं ते 'मी पाहिलं, मी ऐकलं' करत तसंच्या तसं लिहून मोकळा झाला. नावंसुद्धा बदलली नाहीत पठ्ठ्याने. आपल्या पणजोबांचं नाव छापील पुस्तकात आहे, एवढं घराला पुरलं. दर दसऱ्याला पुस्तक पाटावर बसायचं. हळद, कुंकू, झेंडूचं फूल, नैवेद्य. ज्या आजोबांना पोर्तुगीज वाचता येत होतं त्यांनी तोंड उघडलं नाही आणि ज्यांना येत नव्हतं त्यांनी हात जोडले.

आज विनोदिनी शेवटच्या प्रकरणापर्यंत आली होती. मूळ पुस्तक समोर धरून तिने तोंडीच भाषांतर करत वाचलं, की गंगा नावाची कुळाची सून बाळंतपणाला नऊ दिवस व्हायच्या आत शेतावर आली नाही, म्हणून भाटकाराने तिला अंगणातल्या माडाला बांधलं आणि सुंभाची दोरी पाण्यात भिजवून मागवली. भाटकार म्हणजे जमिनीचा मालक, दत्तप्रसादचे पणजोबा. एक परिच्छेद राहिला होता, तिथेच दत्तप्रसादने तिला थांबवलं होतं.

"म्हज्या पणज्यान बायलेर हात उखल्लो? फट! फिरंगी फट बरोवन गेला." सगळं खोटं, असं दत्तप्रसादचं म्हणणं.

"फट आसल्यार इतलीं वर्सां पुजलें कित्याक?" विनोदिनीने विचारलं.

दत्तप्रसाद ओरडला नाही. उठला आणि तिच्या तोंडात मारली. ती मेजावर आदळली, ओठ फुटला. त्याने पुस्तकातलं ते पान टरकावलं. तिने दुसऱ्या टोकाने ते घट्ट धरलं. मग त्याने दारामागचा अडसर उचलला आणि पान धरलेल्या त्या हातावर घातला. माडाचं सुकं चुडत मोडावं तसा आवाज झाला. विनोदिनी किंचाळली, पण पान सुटलं ते बोटांना धरवेना म्हणून. दुसरा घाव खांद्यावर पडला.

गोकुळदास मास्तर बसले होते. हात लांबवला असता तर अडसर धरता आला असता. उठावं असं त्यांच्या मनात आलं. मनात आलं एवढंच. अन्यायाविरुद्ध उभे राहा, यावर चाळीस वर्षं त्यांनी मुलांकडून निबंध लिहून घेतले होते. पण पुस्तकाच्या पहिल्या पानावर संपादक म्हणून त्यांचं नाव यायचं होतं, सत्तरीत पहिल्यांदाच, आणि दत्तप्रसादच्या हातात अडसर होता.

बाहेर शिडीवर चढून आनंदा भिंत रंगवत होता. कोल्हापूरकडचा माणूस, या घरात येऊन त्याला चार दिवस झाले होते. त्याने वरूनच उडी टाकली.

"मालक! बाईमाणसाला मारताय? सोडा त्ये!"

अडसर त्याच्या नाकावर बसला. रक्ताची धार लागली, तरी त्याने दत्तप्रसादला कमरेत मिठी घालून जमिनीवर आडवा केला, त्याच्या छातीवर बसला आणि मास्तरांकडे बघून ओरडला, "उचला की बाईस्नी! बघताय काय नुस्तं?"

तेव्हा मास्तर उठले.

आरोग्य केंद्रात विनोदिनीच्या हाताला फळी बांधली गेली. मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं. डॉक्टरांनी पोलिसांना फोन केला. आनंदा नाकात कापूस घालून बाहेर पायरीवर बसला होता. मास्तरांना लाजेने वर बघवत नव्हतं. आपल्याला काहीतरी विचारलं जाईल, याचीच त्यांना भीती वाटत होती.

"सर," विनोदिनी म्हणाली, "पान ताणें पिंजलें, पूण म्हज्या मोबायलांत ताचो फोटो आसा. एक परिच्छेद उरला. म्हज्यान बरोवंक जायना. हांव सांगतां, तुमी बरयात."

मास्तरांना हायसं वाटलं. लिहिणं त्यांना जमण्यासारखं होतं. त्यांनी तिच्यापुढे मोबाईल धरला, एका कागदाची कोरी बाजू गुडघ्यावर घेतली, खिशातलं पेन काढलं. सुजलेल्या ओठांनी ती एकेक शब्द मराठीत आणत सांगू लागली.

"'सातव्या फटक्यानंतर गंगेचा आवाज बंद झाला. भाटकार थांबला नाही.'"

मास्तरांनी लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच वळणदार आलं.

"'तिने मान वळवून सोप्याकडे पाहिलं. सोप्यावर मी बसलो होतो.'"

मास्तरांनी तेही लिहिलं.

"'मला कोणी धरून ठेवलं नव्हतं.'"

पेन थांबलं. मास्तरांनी मान वर केली. विनोदिनी मोबाईलकडेच पाहत होती.

"हें… हें अशेंच आसा तातूंत?"

"अशेंच आसा, सर," ती म्हणाली. "बरयात."