लुनाचं चालान

चौऱ्याऐंशी साली सौसरच्या नर्सबाईंची सुजाता सोळा वर्षांची होती. एका रविवारी आईची लुना न विचारता काढून ती मैत्रिणीसोबत जामसावळीच्या देवळाला निघाली आणि नाक्यावर हवालदारानं तिला अडवलं. वय कमी, लायसन नाही, म्हणून त्यानं चालान फाडलं आणि कोर्टात पेशी होईपर्यंत लुना ठाण्यात जमा केली. पाचव्या दिवशी दोन कोसांवरच्या खेड्यातून बाळंतपणाचा निरोप आला. मायलेकी पिशवी घेऊन भर उन्हात पायीच निघाल्या. त्या पोचायच्या आधीच बाळ झालं होतं. ते एकदाही रडलं नाही, आणि गेलं. घरच्या म्हातारीनं तरीही त्यांच्या पायांवर पाणी घातलं. "पायीच आल्या का, बाई?" "गाडी बिघडली होती," आई खाली पाहत म्हणाली. आईला खोटं बोलताना सुजातानं पहिल्यांदाच ऐकलं. "बिघडली नव्हती, आजी. मी फिराले नेली होती, पोलिसानं पकडली. माह्यामुळं उशीर झाला." म्हातारी आता शिव्या देईल, असं तिला वाटलं, तिला तेच हवं होतं. म्हातारीनं तांब्या खाली ठेवला. "काऊन पकडली?" "मी लहान हावो म्हणून. सोळाची हावो." म्हातारीनं खाटेकडं पाहिलं. बाळंतीण भिंतीकडं तोंड करून पडली होती. "माही सून बी सोळाचीच हाये," ती म्हणाली. "जा, तिच्यापाशी बस जराशी." सुजाता खाटेच्या काठावर टेकली. मग भिंतीकडंच पाहत त्या पोरीनं विचारलं, "तुले खरंच गाडी चालवता येते?"