ओढ्याचा रंग

बेटावरच्या गुडलँड्स गावचा ओढा कापड कारखान्याच्या रंगाने निळा वाहायचा, म्हणून गावाचा गणपती लांब समुद्रावर न्यावा लागे. ब्याऐंशी साली कारखान्यातल्या देवानंदने सांडपाण्यात रंग मारणारं क्लोरीनचं औषध सोडलं आणि विसर्जन ओढ्यातच झालं.

"पाणी किती प्रॉप, किती स्वच्छ झालं बघ," म्हणत त्याच्या आईने तीर्थाची पहिली ओंजळ घेतली. महिन्याभरात ती विषमज्वराने गेली.

"औषध सगळं रंग मारण्यातच संपलं. जंतू तसेच राहिले," डॉक्टर म्हणाले.

देवानंदने घरोघरी सांगितलं. "एवढ्या नितळ पाण्यात कसले जंतू?" म्हणत बायका बादल्या भरत राहिल्या.


आईचं तेरावं उरकून तो कारखान्यात गेला, औषधाचा नळ बंद केला आणि ओढा पुन्हा निळा होऊ दिला.