टेकडीपलीकडचे तेराशे

वर्डनने तोंडातला तंबाखूचा रस कागदी कपात पचकन थुंकला आणि तो कप काउंटरवर, सफरचंदाचं सारण भरून भाजलेल्या ताज्या ‘पाय’ला खेटून ठेवला.

"तो कप उचल, म्हातारबा," लायनेल म्हणाला. "खायच्या वस्तू आहेत इथे."

"वस्तू आहेत रे. खायला कोण आहे?" वर्डनने बाहीने ओठ पुसले.

उघड्या दारातून डुकरांच्या शेडचा वास येत होता, वासामागून माश्या येत होत्या आणि माश्यांच्या सोबतीला हा म्हातारा. रोज सकाळी यायचा, एक काळी कॉफी घ्यायचा आणि दुपारपर्यंत पुरवायचा.

अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात तीस वर्षं दुसऱ्याच्या बेकरीत पीठ मळल्यावर लायनेल हॅस्केटने फ्लॅट विकून मर्क्लिन गावात हे दुकान घेतलं होतं. डोळे झाकून नाही घेतलं. वेशीवरची पाटी वाचली होती, लोकसंख्या पंधराशे. जनगणनेचे आकडेही चाळले होते. गावात बायांपेक्षा पुरुष कितीतरी जास्त, तेही बहुतेक ऐन पंचविशी-चाळिशीतले. म्हणजे सणकून जेवणारी माणसं, आणि गावात बेकरी एकही नाही! त्याने त्याच रात्री होकार कळवला होता. आता हे दुकान बुडालं तर डोक्यावरचं छप्परही जाणार होतं, कारण त्याची राहायची खोली दुकानाच्याच वर होती.

आणि दुकान बुडत होतं. दोन महिने झाले तरी दारात तीच ती दीड-दोनशे म्हातारी तोंडं. त्यातलीही निम्मी नुसती काचेतून डोकावून जात. न खपलेले ‘पाय’ रोज मागच्या पिंपात जायचे. तिथे ते उन्हाने आंबत, त्यांच्यावर हिरवी लव चढे आणि रात्री रॅकूनसारखी जनावरं येऊन ते अंगणभर पसरत. ते खराट्याने गोळा करताना त्याला स्वतःच्या हातांचीसुद्धा किळस यायची.

"बाकीचं गाव आहे तरी कुठे?" त्याने विचारलं.

"उत्तरेला. टेकडीपलीकडे."

तेवढं त्यालाही माहीत होतं. नकाशात गाव पळीसारखं दिसायचं. इथल्या चार गल्ल्यांची वाटी, तिला जोडलेला रस्त्याएवढा अरुंद दांडा आणि दांड्याच्या टोकाला टेकडीमागचा मोठा चौकोन. तो भाग पूर्वी गावात नव्हता, मागाहून जोडून घेतलेला. अंधार पडला की टेकडीमागून दिव्यांचा लख्ख उजेड दिसायचा. इकडे मात्र गल्लीत दोन दिवे धड लागत नव्हते. तिकडे पैसा होता, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

"मग ती माणसं इकडे का फिरकत नाहीत?"

"त्यांना जेवण तिकडेच मिळतं," वर्डन म्हणाला आणि पुन्हा थुंकला.

एवढ्यात डॉटी क्रेन आत आली. गावाची महापौर. चर्चच्या जेवणासाठी उरलेले ‘पाय’ न्यायला ती दर आठवड्याला यायची आणि तिथे ते स्वतःच्या नावाने वाढायची. आयजीच्या जिवावर बायजी उदार!

"टेकडीपलीकडच्यांना विचारतोय हा," वर्डन तिला म्हणाला.

"फार चांगले शेजारी," डॉटी ‘पाय’ खोक्यात भरत म्हणाली. "ना भांडण, ना तक्रार. सरकार माणशी पैसे देतं ना गावाला? त्यांच्यामुळे तर पाण्याची टाकी झाली, माझ्या ऑफिसचं छप्पर झालं."

"मतदानाला तरी येत असतील?"

वर्डन खीखी करून हसला. डॉटीने त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं. "मी तरी कुणाला आलेलं पाहिलं नाही," ती म्हणाली. "म्हणून तर मी सहज निवडून येते."

लायनेलच्या डोक्यात तिडीक गेली. "खरं सांगा. तुम्हीच त्यांचे कान भरलेत ना? शहरातला उपरा आलाय, त्याच्याकडून काही घेऊ नका म्हणून?"

"अरे बाबा, आम्ही त्यांच्याशी बोलतसुद्धा नाही."

"आपल्याच गावच्या माणसांशी?"

"त्यात काय एवढं?" डॉटीने खोकं उचललं. "ते त्यांच्या जागी सुखी, आम्ही आमच्या."

ही माणसं आहेत की काय आहेत? त्यांच्या पैशाचं पाणी प्यायचं आणि त्यांचं तोंडही बघायचं नाही! त्याला त्या दोघांकडे बघवेना. दुकान सोडून जाता येत नाही म्हणून आजवर तो टेकडीपलीकडे गेला नव्हता, हीच चूक झाली. गिऱ्हाईक दारात येत नसेल तर आपण गिऱ्हाइकाच्या दारात जायचं. एकदा जिभेला चव लागली की येतील झक मारत.

दुसऱ्या दिवशी त्याने दुकानाला कुलूप लावलं. उरलंसुरलं सगळं पीठ, लोणी, मटण संपवून ‘पाय’ भाजले होते. व्हॅन अशी गच्च भरली की मागचं दार दोरीने बांधावं लागलं. डुकरांचा वास मागे पडला आणि लोण्याचा दरवळ गाडीभर पसरला. कित्येक आठवड्यांनी त्याला भूक लागली. पहिल्या घरात काय बोलायचं, ते तो मोठ्याने घोकत होता. "नमस्कार, मी तुमच्याच गावचा."

टेकडी उतरल्यावर रस्ता एका लोखंडी फाटकाशी संपला. दोन्ही बाजूंना नजर पोचेल तिथवर दोन माणसं उंच तारेचं कुंपण, वर काटेरी तारांची वेटोळी, कोपऱ्यांत बंदूकधाऱ्यांचे मनोरे. खाकी गणवेशातला पहारेकरी व्हॅनच्या खिडकीशी आला, वास घेऊन हसला आणि म्हणाला की बाहेरचं खाणं आत चालत नाही. "मर्क्लिनचे लोक," लायनेल कसाबसा म्हणाला, "तेराशे लोक... ते कुठे राहतात?" पहारेकऱ्याने अंगठ्याने मागची गजांच्या खिडक्यांची रांग दाखवली. "हे काय! तेराशे बारा. आत्ताच मोजून कोठड्यांना कुलपं लावली, एकही कमी नाही."